चिडकी अक्का, मुक्काम इंद्रवेल्ली

प्रगतीला खरं तर सैपाकाचे व्हिडिओ करायचे होते. डिग्री झाली होती, सरकारी परीक्षेचा अभ्यास चालू होता, आणि पुस्तकातून डोकं वर काढायला काही तरी निमित्त हवं म्हणून तिनं 'प्रगतीचं सैपाकघर' नावाचं चॅनल काढलं. आंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, मुगाचे वडे. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, केसांवरून हात फिरवायचा आणि अगदी मधाळ आवाजात म्हणायचं, "नमस्कार मंडळी." चार महिन्यांत अकरा व्हिडिओ झाले. सगळ्यात जास्त पाहिला गेलेला एकशे सात वेळा, आणि त्यातल्याही पंचवीस-तीस वेळा तिच्या स्वतःच्याच.

बाराव्या व्हिडिओला ती पालकाची पानं निवडत बसली होती, आणि शेजारच्या जयवंताबाई हातात कागद घेऊन आत आल्या. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं होतं, त्याबद्दलचा कागद; इंद्रवेल्ली तेलंगणात, म्हणून तेलुगूतला. जयवंताबाई मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. तेलुगू बोलायला येई, अक्षर मात्र ओळखू येत नसे. गल्लीत प्रगती अशी एकटीच, की जी घरात मराठी, शाळेत तेलुगू, कॉलेजात इंग्रजी आणि बाजारात हिंदी अशी चारही दारं उघडून आत जाऊ शकत होती. त्यामुळं गल्लीतला प्रत्येक कागद तिच्याकडंच येई.

"पोरी, एवढं वाचून दे वं."

प्रगतीनं कागद पाहिला आणि तिचा बांध फुटला.

"मावशी, सोमवारी वाचून दाखवला. मंगळवारी वाचून दाखवला. आज बुधवार हाय! कागद तोच हाय ना? तो काई लेकरू हाय का, रोज थोडं थोडं वाढाले? सुनेचं आधार घेऊन या, एवढंच लिवलं हाय. काऊन नाई जात तुमी आधार घेऊन? काऊन?"

जयवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "मले वाटलं, आज काई दुसरं लिवलं असंल."

फोन चालूच होता. प्रगती तो तुकडा काढून टाकणार होती, पण तिनं आधी तो रंजीताला पाठवला. रंजीता तिची कॉलेजातली मैत्रीण, राहायला उटनूरला. व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम तिच्याकडं होतं. तिचा लगेच फोन आला. ती हसून हसून बोलूच शकत नव्हती. "हाच टाक," एवढं एकच ती म्हणाली. जयवंताबाईंना विचारलं, तर त्यांनी एकच चौकशी केली: "मी दिसते का बरी?"

आठ दिवसांत तो व्हिडिओ सहा लाख लोकांनी पाहिला.

प्रगतीला पहिल्या दिवशी आनंद झाला, दुसऱ्या दिवशी भीती वाटली, आणि तिसऱ्या दिवसापासून जो वैताग सुरू झाला तो सुरूच राहिला. लोकांनी तिचं नाव 'चिडकी अक्का' ठेवलं. चॅनलचं नाव रंजीतानं परस्पर तेच करून टाकलं. पैनगंगेपलीकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले, लोक लिहीत, "आपली पोट्टी हाय रे बापा." पुण्याकडून कुणी तरी विचारी, "हे नेमकं कोणतं मराठी?" कुणी शुद्ध बोलण्याचा सल्ला देई. हैदराबादेतून तेलुगूत विचारणा येई, की आमच्या राज्यात राहून आमच्या भाषेत का ओरडत नाही? प्रगतीनं एकदा तेलुगूत ओरडूनही पाहिलं. तेव्हा पैनगंगेपलीकडचे रागावले.

त्यातून जे सुरू झालं ते मात्र कामाचं होतं. रंजीतानं डोकं लढवलं: अर्धा मिनिट चिडायचं आणि मग तीन मिनिटं एखादा कागद समजावून सांगायचा. उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा, पासबुकात नाव चुकलं तर काय करायचं, दरखास्तीला, म्हणजे अर्जाला, कोणते कागद जोडायचे. प्रगती रात्रंदिवस चिडू लागली. जयवंताबाई ठरल्यासारख्या येऊन समोर बसत आणि "आता मी काय चुकवू?" असं विचारत. लोक लिहीत, "जयभीम ताई, तुमच्यामुळं आजोबाचं काम झालं." असं काही वाचलं की प्रगतीला दिवसभर बरं वाटे. पण त्याच्याच खाली दुसरा लिही, "आज राग कमी पडला."

राग कमी पडला! जणू भाजीतलं मीठ.

घराचं तर चावडीत रूपांतर झालं. सकाळी सातपासून लोक ओट्यावर कागद घेऊन बसत. तिचे वडील अमरदीप मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. आयुष्यभर मोजून मापून बोललेला माणूस. ते अंघोळीचा टॉवेल खांद्यावर घेऊन आठ माणसांच्या मधून वाट काढत आणि पुटपुटत, "घरात कीर्ती आली, पण चहापत्ती टिकत नाही." संध्याकाळी ते एकच प्रश्न विचारत, "परीक्षेचा फॉर्म भरला का?" सगळ्या जिल्ह्याचे फॉर्म भरणाऱ्या प्रगतीनं स्वतःचा भरलेला नसे.

त्यातही ज्यांच्याकडं कागद नव्हता त्यांचा तिला जास्त राग येई. ही माणसं नुसती पाहायला येत. पुढं येऊन उभी राहत, हसत आणि म्हणत, "अक्का, चिडा ना थोडं." ती म्हणे, "चिडण्यासारखं काई झालं नाई." मग ती माणसं मुद्दाम काही तरी वेड्यासारखं विचारत. एका बाईनं विचारलं, "आधारकार्डावरचा फोटो मेल्यावर बदलावा लागते का?" प्रगतीनं दात ओठ खाल्ले आणि ती आत निघून गेली. बाई खूश झाली. तिनं तेवढंही शूट केलं होतं.

आदिलाबादेत साड्यांच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं, तिथं तिला गिऱ्हाइकांवर चिडायला बोलावलं. "एवढ्या साड्या काढून ठेवल्या, घेत काऊन नाई?" असं दारात उभं राहून ती दोन तास ओरडली. घसा बसला. मालकानं जी साडी भेट दिली तिचा रंग इतका भडक, की ती आजीला दाखवायचीही सोय नव्हती. विठाबाई आजी तरीही हात फिरवून म्हणाली, "कापड बरं हाय." मग साडीची घडी घालत म्हणाली, "पण तू त्या बायांवर कायले वरडली? त्याईनं काय केलं होतं तुले?"

"आजी, ते खोटं खोटं वरडणं हाय."

"खोटं वरडणं मी जन्मात पह्यल्यांदा आयकून राह्यली."

विठाबाईनं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला होता. साठीनंतर लेकानं, म्हणजे अमरदीपनं, तिला सही शिकवली. त्याआधी सगळा अंगठाच. एकदा ओट्यावरच्या गर्दीला कंटाळून प्रगती आत येऊन धपकन बसली आणि म्हणाली, "माझ्या नाकी नऊ आणले या लोकांनी. एकच कागद चार चार वेळा कायले वाचून घेतात?" तेव्हा आजीनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "आमच्या वक्ताले गावात कागद वाचणारा एकच माणूस राहे. तो त्याच्या मर्जीनं वाचे. आज एक सांगे, उद्या दुसरं. म्हणून आमी तोच कागद तीन ठिकाणी नेऊन वाचून घेऊ. तिन्ही ठिकाणी सारखं निघालं तर खरं. आता तीन ठिकाणं कुठून आणतील? तुह्यापाशीच तीनदा येतात."

प्रगतीला ते पटलं. पण ओट्यावर जाऊन ती पुन्हा चिडलीच. समजून घेतल्यानं माणूस थकत नाही असं थोडंच आहे.

जानेवारीत बेल्लमपल्लीहून बोलावणं आलं. तिथल्या खाणकामगारांच्या क्वार्टरांत बरीच मराठी घरं होती आणि त्यांनी सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम ठेवला होता. बोलावणारे लक्ष्मणराव हे खाणीतून रिटायर झालेले गृहस्थ. फोनवर ते इतक्या आदबीनं बोलले की नाही म्हणता येईना. प्रगती आणि रंजीता बायकांना फुकट मिळणाऱ्या झिरो तिकिटावर तीन बस बदलून दुपारी पोचल्या. पाहतात तर स्टँडवर पंधरा बाया घ्यायला आलेल्या. कुणी पिशवी धरली, कुणी पाणी दिलं. लक्ष्मणरावांच्या घरी गरम भात, वरण, वांग्याची भाजी. एका म्हातारीनं तर "लई बारीक झाली पोरगी" म्हणून ताटात आणखी भात लोटला, जसं काही ती प्रगतीला जन्मापासून ओळखत होती.

आणि एवढं झाल्यावर तिला स्टेजवर उभं करून म्हणाले, "आता चिडा."

तिला चिडता येईना. समोर दोनशे माणसं वाट पाहत होती. तिनं घसा साफ केला, "काऊन तुमी..." म्हणाली आणि थांबली. काऊन तुमी काय? एवढं जेवू काऊन घातलं? रंजीता खालून हातवारे करत होती. शेवटी लक्ष्मणरावच मदतीला धावले. खिशातून घड्यांवर झिजलेला एक कागद काढून त्यांनी गर्दीकडं पाहून डोळा मिचकावला आणि मोठ्यानं म्हणाले, "अक्का, हा कागद तीन महिने झाले खिशात हाय. मी वाचलाच नाई!"

लोक हसायला लागले. आता ही उसळणार!

प्रगतीनं कागद घेतला. इंग्रजीतला होता, पेन्शनच्या ऑफिसचा. तिनं वाचायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा बदलला. "काका, हयातीचा दाखला दिला का तुमी?"

"कायचा दाखला?"

"जिवंत असल्याचा. मुद्दत होऊन गेली हाय याच्यातली. हे नाई दिलं तर पेन्शन थांबते, असं लिवलं हाय."

"मी तर जिवंत हाय," लक्ष्मणराव म्हणाले. पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग माइकवरच तिनं त्यांना सगळं समजावलं: कुठं जायचं, काय न्यायचं, अंगठा उमटला नाही तर काय म्हणायचं. पंधरा मिनिटं. पोरं उठून खेळायला गेली. मागून कुणी तरी स्पष्ट म्हणालं, "ही ती नाई वाटत." लक्ष्मणराव कागद छातीशी धरून स्टेजवरून उतरले आणि आभार मानायचं त्यांच्याकडं होतं ते तसंच राहून गेलं.

रंजीतानं तो सगळा प्रसंग रात्रीच टाकला. सकाळपर्यंत जेमतेम नऊशे लोकांनी पाहिला. "पाह्यलं?" रंजीता परतीच्या बसमध्ये म्हणाली. "तू शहाण्यासारखी बोलली की हे असं होते." प्रगतीनं खिडकीकडं तोंड केलं. तिला रंजीताचा राग आला होता, आणि रंजीताचं खरं होतं याचा त्याहून जास्त.

म्हणून फेब्रुवारीत तिनं जो व्हिडिओ केला त्यात कसलीही कसर ठेवली नाही. इंद्रवेल्लीत म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनची पडताळणी होणार होती. प्रगती फोनपुढं उभी राहिली आणि कडाडली, "येत्या गुरुवारी! सकाळी धा वाजता! पंचायतीसमोर! आधार, पासबुक, दोन फोटो! मंग नका म्हणू सांगतलं नाई म्हणून! जो येणार नाई त्याची पेन्शन गेली समजा!" जयवंताबाई मागं दचकल्या, त्या खऱ्याच दचकल्या. व्हिडिओ तीन लाखांवर गेला. पडताळणी झाली, इंद्रवेल्लीतलं एकही म्हातारं माणूस पडताळणीवाचून राहिलं नाही. प्रगती विसरून गेली.

मे महिन्यात, उन्हानं पत्रे कडकडत असताना, एका शुक्रवारी फोन आला.

"तुमी चिडकी अक्का का? मी चंदा बोलते. नार्नूरच्या पुढं गाव हाय आमचं. भाजीचं वावर हाय."

"बोला. कोणता कागद?"

"कागद नाई. काल गुरुवार होता. तुमचा व्हिडिओ पाहून आमच्या गावच्या छत्तीस बाया पंचायतीसमोर जाऊन बसल्या. धा वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत. कोणीच आलं नाई. माह्या सासूले चक्कर आली, पडली ते. म्हणून म्हटलं इचारावं."

प्रगतीचं डोकं सणकलं. "अवं ताई, तो फेब्रुवारीतला व्हिडिओ हाय! इंद्रवेल्लीचा हाय! आता मे चालू हाय. तारीख पाहाची ना! गाव पाहाचं ना! तुमी लोक काऊन..."

"तारीख कुठं हाय त्याच्यात?" चंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तीनदा पाह्यला. गावाचं नाव बी नाई."

प्रगतीनं फोन ठेवला आणि व्हिडिओ लावला. येत्या गुरुवारी. सकाळी धा वाजता. पंचायतीसमोर. पुन्हा लावला. तारीख नव्हती. गाव नव्हतं. एवढं ओरडण्यात दोन शब्द राहून गेले होते. ज्या बाईनं अख्ख्या जिल्ह्याला कागद नीट वाचा म्हणून झापलं, तिनं स्वतःचं बोलणं एकदाही नीट ऐकलं नव्हतं. तिला रंजीतावर खापर फोडावंसं वाटलं, व्हिडिओ पुढं ढकलणाऱ्यांवर फोडावंसं वाटलं. पण बोलली तर तीच होती.

दुसऱ्या दिवशी ती नार्नूरच्या बसमध्ये बसली. "फोनवर माफी माग ना," असं रंजीता म्हणाली होती. वडिलांनी पाण्याची मोठी बाटली भरून दिली आणि ओट्यावर बसलेल्यांना सांगितलं, "आज ती नाही. आज मी वाचतो. मला तेलुगू सावकाश वाचता येतं, घाई करायची नाही."

चंदा तिला गावच्या स्टॉपवर भेटली. तिशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर. तिनं ना पिशवी धरली ना पाणी दिलं. "या" म्हणाली आणि पुढं चालू लागली. घरी कडुलिंबाखाली बाजेवर तिची सासू, लक्ष्मीबाई, निजली होती. कपाळावर ओलं फडकं. प्रगती जवळ जाऊन बसली. काय म्हणायचं ते वाटेत तीन तास घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"आजी, माही चूक झाली."

लक्ष्मीबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. "तूच का ते?"

"व्हय."

"फोनमंधी मोठी दिसते." मग ती सावकाश उठून बसली. "तुही काय चूक? तू वरडून राह्यली होती म्हणून आमी गेलो. वरडून सांगून राह्यली म्हंजे सरकारचंच असंल. मऊ बोलून कोणी काई सांगतलं तर आमी इचारलं असतं, बाई, कोणता गुरुवार? वरडणाऱ्याले इचारता येते का?"

उन्हात येताना बसला नव्हता तो चटका प्रगतीला आता बसला.

चंदा मात्र सासूसारखी मवाळ नव्हती. "छत्तीस बायांची मजुरी बुडाली," ती म्हणाली. "काही जणी तर दुसऱ्या पाड्यावरून पायी आल्या होत्या. तुमी आल्या ते बरं केलं, पण त्याईले सांगाले माह्यासंगं चला."

प्रगती तिच्यासोबत दारोदार गेली. प्रत्येक दारात तेच सांगितलं: माझं चुकलं, तारीख सांगायची राहिली. काही जणी हसल्या, एकीनं दार लोटून घेतलं. चौथ्या घरी एका म्हातारीनं आतून कागद आणून हातात दिला, आणि मग बाकीच्याही आपापले कागद घेऊन चंदाच्या अंगणात जमल्या. दुपारभर प्रगती वाचत बसली. कुणाच्या पासबुकात जन्मसाल चुकलेलं, कुणाचा नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला उंदरानं कुरतडलेला. फोन पिशवीतच राहिला. गावाची पडताळणी अजून व्हायचीच होती, तारीख ठरली नव्हती; हे तिनं पंचायतीत जाऊन, विचारून, दोनदा खात्री करून बायांना सांगितलं.

निघायची वेळ झाली तेव्हा एक जण भीत भीत म्हणाली, "आता आल्याच हाव तं थोडं चिडून दाखवा ना."

"नाई," प्रगती म्हणाली.

"थोडंसं."

"नाई वं मावशी. त्याच्यानंच तं हे सगळं झालं."

"एकडाव. आमी कोणाले नाई सांगत."

"अवं नाई म्हटलं ना! किती डाव सांगू? काऊन मागं लागल्या माह्या?"

अंगणभर हशा पिकला. लक्ष्मीबाईही बाजेवर हसली. प्रगतीला रडावं की हसावं कळेना, आणि बस चुकायची म्हणून ती तशीच निघाली.

त्या रविवारी तिनं ज्यात तारीख आणि गाव नव्हतं असे सगळे व्हिडिओ शोधले. त्रेपन्न निघाले. एकेक करून काढून टाकता टाकता संध्याकाळ झाली, कारण नेटवर्क मधेच जाई. रंजीता आठ दिवस बोलली नाही. मग स्वतःच फोन करून म्हणाली, "आता काय करायचं ठरवलं?" प्रगतीनं सांगितलं, की आधी तारीख, मग गाव, मग कागद, आणि आवाज खाली. "म्हणजे चॅनल बंदच कर," रंजीता म्हणाली; पण व्हिडिओ जोडायला ती आली, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख टाकायचं काम तिनंच अंगावर घेतलं.

पाहणारे झपाट्यानं कमी झाले. आता एकेका व्हिडिओला तीन-चार हजार. साडीवाल्यांनी दुसरी कुणी तरी शोधली, ती नाचते. जयवंताबाईंना हे सगळं आवडलेलं नाही. त्यांच्या मते पोरगी ऐन भरात असताना खचली. ओट्यावरची गर्दी मात्र कमी झालेली नाही. अमरदीप मास्तर शाळेतून आल्यावर एक कोपरा धरून बसतात आणि तेलुगूतलं अक्षर अक्षर लावत वाचतात, त्यामुळं लोकांना कागद दोन ठिकाणी वाचून घेता येतो. प्रगतीनं परीक्षेचा फॉर्म भरला. केंद्र आलं लांब वारंगलला, त्यावरून ती चार दिवस धुसफुसत होती.

जुलैत चंदाचा फोन आला. त्यांच्या गावची पडताळणी ठरली होती, त्याचा कागद पंचायतीत लागला होता. "व्हिडिओ टाका," चंदा म्हणाली. "बाया म्हणतात, तुमी सांगतल्याबिगर जाणार नाई."

"आधी कागदाचा फोटो पाठवा. त्याच्याबिगर मी तोंड उघडणार नाई."

फोटो आला. सगळा धूसर. प्रगतीनं कळवलं, हात न हलवता काढा. दुसरा आला, त्यात नेमका तारखेवर चंदाचा अंगठा. प्रगतीनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा फोन केला. "ताई, अंगठा! अंगठा बाजूले घ्या!"

तिसरा फोटो उलटा आला. पण अक्षरं स्वच्छ होती. प्रगतीनं फोन फिरवून धरला आणि ती वाचायला लागली.